आज काय उगवलं?

मी नोकरीला लागले त्या वर्षी, म्हणजे 1989 साली, तपासणीची शी आगपेटीतून आणणारी माणसं मुंबईत बऱ्यापैकी शिल्लक होती. आगपेटीला रबरबँड, त्यावर वर्तमानपत्राचा कागद, त्यावर रुमालाची गाठ. काउंटरवर ते गाठोडं ठेवताना माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असे. लघवी यायची ती खोकल्याच्या औषधाच्या, सॉसच्या, लोणच्याच्या बाटलीतून. एकदा बामच्या बाटलीतून आली. ‘चांगली विसळून घेतलीय हो,’ असं त्या बाईंनी वर सांगितलंही. झाकण उघडलं तर निलगिरीचा असा भपकारा आला की माझंच चोंदलेलं नाक मोकळं झालं.

तेहतीस वर्षं मी शहरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, मायक्रोबायोलॉजी विभागात टेक्निशियन होते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्यातली सगळ्यात मोठी माझ्याचबद्दल आहे. पाटीवर ‘सूक्ष्मजीवशास्त्र विभाग’ असं लिहिलं होतं, पण ते वाचून कोणी आत आल्याचं मला आठवत नाही. लोक विचारत, ‘ती कल्चरवाली लॅब कुठेय?’ कल्चर म्हणजे सॅम्पलमधले जंतू वाढवून बघायचे. साखर, हिमोग्लोबिन, लिव्हरचे आकडे हे सगळं दुसऱ्या मजल्यावर. तिथला रिपोर्ट संध्याकाळी हातात. आमच्याकडे आलेल्या माणसाच्या कानावर पहिला शब्द पडे तो ‘परवा या’. त्यावर ठरलेला प्रश्न यायचा, ‘परवा? एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात मशीन नाही का?’

मशिनं होती, पुढे तर खूप आली. पण जंतू आपल्या चालीनेच चालतो. लघवीच्या तक्रारींमागे बहुतेक वेळा असतो तो ई. कोलाय तसा चपळ. ऊब आणि खायला मिळालं की वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात. म्हणून रात्री पेरलेल्या प्लेटवर, म्हणजे जंतूंचं अन्न भरलेल्या चपट्या बशीवर, सकाळी नुसत्या डोळ्यांना दिसतील असे ठिपके उभे राहतात. टीबीच्या जंतूला एकाचे दोन व्हायला पंधरा-वीस तास लागतात. त्याची वाट आठवड्यांत मोजायची. काउंटरवर एवढं कुठे सांगत बसणार? मी म्हणायचे, ‘विरजण लावलंय, दही लागायला वेळ लागतो.’ ते पटायचं.

घरी बाबांनी माझं सगळं काम एका प्रश्नात बसवून टाकलं होतं. आमचं मूळ गाव राजापूरकडचं. मुंबईत उभं आयुष्य काढूनही बाबांचं अर्धं मन भाताच्या खाचरातच असायचं. मी डोंबिवलीच्या घरी पोचले, चपला काढल्या, की आतून आवाज यायचा, ‘आज काय उगवलं?’ मी सांगायचे, आज क्लेबसिएला, आज स्टॅफ, आज काही नाही. नावं त्यांना कळत नसत, पण पीक आलं की नाही एवढं कळायचं. आम्ही लॅबमध्ये ‘ग्रोथ आली का’ म्हणायचो, ते ‘उगवलं का’ म्हणायचे. खरं तर त्यांचाच शब्द बरोबर होता.

आणि जे पेरलं तेच उगवतं, हेही त्यांना सांगायला लागलं नाही. ते रुग्णालयात शिकलेल्या डॉक्टरांना मात्र सांगावं लागायचं. ऑपरेशनमध्ये गाठीचा तुकडा काढला, सर्जनने तो फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला आणि कल्चरचा फॉर्म जोडून आमच्याकडे पाठवला, असं महिन्यातून एकदा तरी व्हायचं. फॉर्मलिनमध्ये पेशी शाबूत राहतात, म्हणून बायोप्सीला ते चालतं. जंतू मात्र त्यात जागच्या जागी मरतात. कल्चरला तोच तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये हवा. तुकडा पुन्हा कुठून आणायचा? पेशंटला टाके घालून झालेले असत. फॉर्मवर लाल शाईने ‘सॅम्पल फॉर्मलिनमध्ये, स्वीकारता येत नाही’ असं लिहिताना माझा हात जड व्हायचा. फोन केला की पलीकडचा हाऊसमन म्हणायचा, ‘मॅडम, बघा ना, काहीतरी होतंय का.’ काय होणार? भाजलेले शेंगदाणे पेरल्यासारखं.

काउंटरवरचं अर्धं आयुष्य थुंकी आणि बेडका यांतला फरक सांगण्यात गेलं. डबीत वर तरंगणारा पांढरा फेस आणि खाली पाणी, ही झाली थुंकी. ती तोंडातली, तिच्यात तोंडातलेच जंतू. टीबी शोधायचा तर छातीतला घट्ट बेडका पाहिजे. ‘काका, सकाळी उठल्यावर आधी चूळ भरा, खोल श्वास घ्या, मग पोटातून खोका.’ आणि मी खोकून दाखवायचे. दिवसातून दहा-पंधरा वेळा. एका आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाता जाता माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, ‘बाय, तू तुळशीचा काढा घे गं.’

आमच्या विभागात मीडिया रूम नावाची एक खोली होती. तिला सगळे किचनच म्हणत. मोठी पातेली, तराजू, प्रेशर कुकरचा थोरला भाऊ शोभेल असा ऑटोक्लेव्ह. 121 अंश, पंधरा मिनिटं, मग शिट्टीऐवजी वाफेचा फुत्कार. जंतूंना वाढायचं ते अन्न इथे शिजायचं. त्याला घट्टपणा येतो अगारने, आणि अगार म्हणजे आपलं चायना ग्रास, ज्याची दुधातली वडी करतात ते. ही युक्ती प्रयोगशाळेत आली तीही स्वयंपाकघरातूनच. 1880च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिलेटिनवर जंतू वाढवायचे. उन्हाळा आला की जिलेटिन वितळायचं, काही जंतू तर तेच खाऊन टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांची पत्नी फॅनी घरी जेली करताना अगार वापरायची. तिने नवऱ्याला सुचवलं, हे वापरून बघ. एकदा घट्ट झालेलं अगार 37 अंशांच्या उबेत ढिम्म हलत नाही, वितळायला त्याला 85 अंशांच्या आसपास जावं लागतं. 1887 साली ज्युलियस पेट्री यांनी झाकणाची चपटी बशी आणली आणि तिला त्यांचं नाव मिळालं. शाळेतली पोरंही पेट्री डिश म्हणतात. आत जे असतं ते फॅनीबाईंचं, त्याला कोणी फॅनी म्हणत नाही.

त्या किचनमध्ये मेंढीचं रक्त घालून केलेलं ब्लड अगार असायचं, आणि तेच रक्त गरम करून केलेलं चॉकलेट अगार. चॉकलेटचा एक कणही त्यात नसतो, फक्त रंग. नवी विद्यार्थिनी आली की आम्ही तिला फ्रीजमधून चॉकलेटची प्लेट आणायला पाठवायचो. आणि टीबीसाठी एल.जे. मीडियम. त्याला अंडी लागतात. ट्रे आणायचे, अंडी साबणाने घासायची, स्पिरिटने पुसायची, फोडून गाळायची, हिरवा रंग घालायचा आणि बाटल्या तिरप्या ठेवून आचेवर थिजवायच्या. कोपऱ्यावरच्या अंडीवाल्याची कितीतरी वर्षं समजूत होती की मी रुग्णालयाची कँटीन चालवते. भुर्जी चांगली असते का, असंही त्याने एकदा विचारलं.

सकाळी नऊला इन्क्युबेटर, म्हणजे प्लेटी उबेत ठेवायचं कपाट, उघडायचा. हे मला शेवटच्या दिवसापर्यंत आवडलं. ट्रेमधल्या प्लेटी एकेक करून उजेडात धरायच्या. मॅकॉन्की अगारवर ई. कोलाय गुलाबी येतो, चपटा, कोरडासा. क्लेबसिएलाही गुलाबीच, पण ओला, फुगलेला. लूप, म्हणजे टोकाला फासा असलेली तार, लावून उचलला की पाकासारखी तार निघते, एकतारी-दोनतारी. प्रोटियस ब्लड अगारवर लाटांसारखा पसरत जातो आणि शेजाऱ्यांना झाकून टाकतो. स्यूडोमोनासची प्लेट हिरवट, आणि झाकण जरा उचललं की द्राक्षांचा गोडूस वास. प्लेटीचा वास घेऊ नये असा आता नियम आहे, आणि तो योग्यच आहे. पण आमच्या पिढीने नाकानेही जंतू ओळखले, हे खोटं कशाला सांगू.

लघवीच्या कल्चरचा हिशेब सोपा असतो. ठरावीक मापाचा लूप लघवीत बुडवायचा, त्यात मिलिलिटरचा हजारावा भाग येतो. तो प्लेटवर ओढायचा. सकाळी जितके ठिपके, त्याला हजाराने गुणायचं. शंभर ठिपके म्हणजे मिलिलिटरला एक लाख, म्हणजे बहुतेक वेळा खरं इन्फेक्शन. एकाच प्रकारचे ठिपके असतील तर ठीक. तीन-चार प्रकारचे आले तर समजायचं, सॅम्पल घेताना स्वच्छता नव्हती, नाहीतर डबी कुठेतरी उबेत पडून राहिली. लघवी ही जंतूंना आमच्या सूपइतकीच प्रिय. दोन तासांत लॅबमध्ये, नाहीतर फ्रीजमध्ये. हे वाक्य मी किती हजार वेळा बोलले असेन. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जंतू कोण ते कळलं की दुसरा प्रश्न, तो कशाने मरतो. त्यासाठी प्लेटभर जंतूंचा सारखा थर पसरायचा आणि त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या, कुंकवाच्या टिकलीएवढ्या, प्रत्येक 6 मिलिमीटरची. रात्रीत जंतू वाढतात. जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती मोकळं गोल रिंगण राहतं. मग पट्टी घेऊन रिंगण मोजायचं आणि तक्ता बघून लिहायचं, एस (सेन्सिटिव्ह, औषध चालतं) किंवा आर (रेझिस्टंट, चालत नाही) किंवा मधलं. मी लागले तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिन नवंकोरं होतं. ई. कोलायच्या प्लेटवर त्याचं रिंगण 30 मिलिमीटरच्या आसपास यायचं, शेजारच्या टिकलीला धक्का मारायचं. वर्षं गेली तशी ती रिंगणं आकसत गेली. रिंगण अजिबात नसेल तर रजिस्टरमध्ये 6 लिहायचं असतं, कारण टिकली स्वतःच तेवढी असते. जुन्या रजिस्टरांचे ते रकाने वर्षावर्षाने उघडून बघितले तर कोणाला भाषण द्यायची गरज पडू नये: 31, 29, 30, 22, मग 6, 6, 6. दोन गोळ्या खाऊन बरं वाटलं की पाकीट कपाटात ठेवणारे आपण सगळे त्या रकान्यात आहोत. केमिस्टही आहेत, आणि व्हायरल तापाला अँटिबायोटिक लिहून देणारे डॉक्टरही.

एक गृहस्थ मुलाचा रिपोर्ट घेऊन हसत हसत काउंटरवर आले. दहा औषधांपुढे आठ आर आणि दोन एस. ‘मॅडम, आर म्हणजे राइट ना? दहापैकी आठ बरोबर!’ मी त्यांना बाजूच्या बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. त्यानंतर मी काय बोलले ते लिहीत नाही.

वर जाऊन सांगायचं काम आमच्या वाट्याला क्वचितच आलं. वॉर्डातला पेशंट आम्हाला दिसतच नसे. वयवर्षं चार, पुरुष, मुलांचा वॉर्ड, पाठीतलं पाणी (मेंदूज्वराच्या शंकेने मणक्यातून काढतात ते), एवढंच. ते पाणी खरं तर नळाच्या पाण्यासारखं नितळ असतं. त्या रात्री आलेलं तांदळाच्या धुवणासारखं होतं. नाइटला मी एकटीच. काचेवर थेंब, तो वाळवला, ज्योतीवरून तीनदा फिरवला. मग जांभळा रंग, मिनिटभर. पाणी. आयोडीन, मिनिटभर. पाणी. मग ॲसिटोनचे थेंब, आणि इथेच हात जपावा लागतो; जरा जास्त झालं की जे जांभळं राहायला हवं तेही धुऊन जातं. शेवटी लाल रंग. 1884 साली हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने ही रीत छापली, आणि अजून लॅबमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ तीच करतात. पाच मिनिटांत जंतूंच्या दोन जाती पडतात, जांभळे आणि गुलाबी. काचेवर तेलाचा थेंब टाकून भिंग खाली घेतलं, तर पांढऱ्या पेशींच्या गर्दीत जांभळे दाणे, जोडी-जोडीने. मी वॉर्डला फोन लावला, सांगितलं, आणि नियमाप्रमाणे सिस्टरकडून तेच परत म्हणवून घेतलं. कल्चरला दोन दिवस लागणार होते, पण औषध त्या पाच मिनिटांवर सुरू झालं. तो मुलगा चालत घरी गेला, हे मला कळलं ते वॉर्डातल्या मावशींकडून, महिनाभराने, लिफ्टमध्ये.

सगळे फोन तसे नसतात. रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या मशीनमध्ये पाच दिवस असतात. मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त लागतं. ‘एवढं रक्त काढलं’ म्हणून नातेवाईक भांडतात, पण मिलिलिटरभर रक्तात कधी कधी एखादाच जंतू असतो. चमचाभर रक्तात तो सापडेलच असं नाही. एका रात्री अडीचला मशीन वाजलं. बाटली काढली, स्लाइड केली, गुलाबी काड्याच काड्या. मेल मेडिकल, बेड चौदा. फोनवर सिस्टर म्हणाल्या, ‘चौदा? तो बेड संध्याकाळीच रिकामा झाला.’

डिस्चार्ज की दुसरं काही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, सिस्टरचं नाव लिहिलं. मग त्या बाटलीतला थेंब प्लेटवर ओढला, कारण जंतूचं पूर्ण नाव लागेपर्यंत काम संपत नाही. दुसऱ्या दिवशी टिकल्या ठेवल्या, तिसऱ्या दिवशी रिंगणं मोजली. रिपोर्ट बेड चौदाच्या नावाने वर गेला.

प्रशिक्षणाच्या काळात आम्हाला एकदा परळच्या हाफकिन संस्थेत नेलं होतं. जुना गव्हर्न्मेंट हाउसचा वाडा, मोठाली झाडं. वाल्डेमार हाफकिन 1896च्या ऑक्टोबरात मुंबईत आले तेव्हा मांडवीपासून प्लेग पसरत चालला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या जागेत त्यांनी लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. हे आम्हाला पुस्तकात होतं. पुस्तकात नसलेलं तिथल्या एका जुन्या माणसाने सांगितलं: प्लेगचा जंतू भरपूर वाढावा म्हणून हाफकिन सूपवर तुपाचे थेंब सोडत. जंतू त्या तुपाला धरून खाली लोंबत वाढायचे, छतावरून झुंबर लोंबावं तसे. घरी येऊन सांगितलं तर बाबा खूश. ‘तूप घातल्याशिवाय काही चांगलं होतं का?’

पावसाळ्यात आमच्याकडे शहर आपली कुंडली घेऊनच यायचं. जून संपता संपता डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरलं, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोच्या शंकेच्या नळ्यांनी आमचा फ्रीज भरला. उंदरांच्या मुताचं पाणी, कमरेएवढ्या त्या पाण्यातून चालत घरी गेलेली माणसं, पायावरच्या भेगा. इथेही वेळेचंच भांडण. रक्तातल्या अँटिबॉडीची टेस्ट ताप येऊन पाच-सहा दिवस होण्याआधी केली तर निगेटिव्ह येऊ शकते, आणि निगेटिव्ह वाचून माणूस निर्धास्त होतो. डेंग्यूचं उलटं, त्याची एन.एस.वन ही टेस्ट पहिल्या चार-पाच दिवसांतच करायची. फॉर्मवर ‘ताप कधीपासून’ असा रकाना असतो. दहातले सात फॉर्म त्या जागी कोरे यायचे. कोविडमध्ये सगळ्या शहराला पीसीआर आणि सीटी व्हॅल्यू तोंडपाठ झाली. ‘ताप कधीपासून’ हा रकाना तेव्हाही कोराच.

इन्फेक्शन कंट्रोलचं काम मला सर्वांत नावडतं, कारण त्यात लोकांच्या चुका दाखवाव्या लागतात आणि लोक म्हणजे आपलेच सिस्टर-डॉक्टर. एकदा नव्या रेसिडेंट डॉक्टरांना मी प्लेटी वाटल्या. म्हटलं, बोटं टेकवा. मग हात धुवा, आणि दुसऱ्या अर्ध्यावर पुन्हा टेकवा. दुसऱ्या दिवशी त्याच प्लेटी परत दिल्या. पाच बोटांचे पाच ठसे, पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांनी भरलेले, अगदी लक्ष्मीच्या पावलांसारखे रेखीव. एकाच्या बाबतीत धुतल्यानंतरचा अर्धा भाग जास्त भरला होता. त्याने हात धुऊन ॲप्रनला पुसले होते.

टीबीबद्दल मला खरं तर वेगळं लिहायचंय. एवढंच सांगते: एल.जे.च्या बाटलीवर फिकट पिवळ्या, भाकरीच्या चुऱ्यासारख्या वसाहती यायला सहा ते आठ आठवडे लागायचे, आणि औषधं चालतात की नाही हे त्यानंतर. शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात पाठवायचं की नाही, हेही कधी कधी त्यावर अडायचं. दर सोमवारी एक शिंपीकाम करणारी बाई यायची, लेकीच्या रिपोर्टसाठी. आम्ही बाटली बघायचो, नाही म्हणायचो, ती मान डोलवायची आणि जायची. आता सीबीनॅट मशीनवर दोन तासांत टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन चालेल का, दोन्ही कळतं. ते मशीन आमच्याकडे बसवलं त्या दिवशी पेढे वाटले. मी पेढा हातात घेऊन त्या सोमवारांचा हिशेब करत बसले होते.

आता माझी तक्रार.

2017चा जून. बाबा 82 वर्षांचे. रात्री थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ. मी पहाटे साडेपाचला निर्जंतुक डबीत त्यांचं सॅम्पल घेतलं, अगदी पद्धतशीर, मधल्या धारेचं. डबी पर्समध्ये टाकली आणि सहा बाराची लोकल पकडली. बर्फाचा थर्मास घ्यायचा विचार आला होता, पण म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न. कुर्ला सोडलं आणि सायनच्या अलीकडे गाडी थांबली. रुळांवर पाणी. बायका डबे उघडून खायला लागल्या, कोणी भजन सुरू केलं. पर्स माझ्या मांडीवर, आणि आत बाबांची डबी, माझ्याच अंगाच्या उबेत. लॅबमध्ये पोचले तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. तीन तास चाळीस मिनिटं.

दुसऱ्या कोणाची डबी असती तर मी झाकणही उघडलं नसतं. फॉर्म भरला. ‘सॅम्पल घेतल्याची वेळ’ या रकान्यात माझ्या हाताने लिहिलं: 8.30.

दुसऱ्या दिवशी प्लेटवर तीन प्रकारचे जंतू होते, तिन्ही भरघोस. आमच्या विभागातल्या मॅडमनी प्लेट फिरवून बघितली, फॉर्म बघितला. ‘ताई, ही वेळ बरोबर आहे ना?’ मी हो म्हटलं. अर्ध्या तासाने त्यांच्या केबिनमध्ये जाऊन खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. मी काउंटरवर वापरायचे तेच वाक्य, तेवढ्याच शांतपणे म्हणाल्या, ‘नवीन सॅम्पल आणा.’

पण तोवर आमच्या डोंबिवलीच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या. दुसरं सॅम्पल औषधाखालचं. नो ग्रोथ. ताप उतरला, सगळे निवांत. बारा दिवसांनी बाबांना असा थंडीताप भरला की पलंग हलत होता. या वेळी मी त्यांना टॅक्सीत घालून रुग्णालयातच आणलं. तिथल्याच बाथरूमला त्यांनी डबी भरली आणि वीस पावलं चालत येऊन काउंटरवर ठेवली. रांगेत उभे राहून. दुसऱ्या सकाळी गुलाबी ई. कोलाय, एकटाच, एक लाखाच्या वर. नेहमीच्या गोळ्यांपुढे आर, आर, आर. ज्या गोळ्या त्यांनी आधी घेतल्या होत्या, त्यांच्यापुढेही आर. एर्टापेनेमपुढे एस. दिवसातून एकदा इंजेक्शन, सात दिवस. पहिल्या दिवशी बर्फ घेऊन गेले असते तर हे दोनेक आठवडे आधी कळलं असतं. मी प्लेटचा फोटो मोबाइलवर त्यांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ बघितला. म्हणाले, ‘पीक भारी आलंय.’

इंजेक्शनं संपली, ताप गेला, भूक परतली. अशा वेळी पुन्हा कल्चर करायची सहसा गरज नसते, हे मी त्यांना समजावलं. ते ऐकेनात. एकदा बघायचंच. चौथी डबी त्यांनी स्वतः भरली, नाव आणि वेळ स्वतःच्या अक्षरात लिहिली, थर्मासमध्ये बर्फ त्यांनीच टाकला. त्या दिवशी गाडी वेळेवर होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दारात चपला काढतेय तोवर आतून आवाज आला.

‘काय उगवलं?’

‘काही नाही.’

‘म्हणजे?’

‘प्लेट कोरी. एक ठिपका नाही.’

ते जरा वेळ गप्प बसले. मग थोडे नाराज होऊन म्हणाले, ‘एवढा बर्फ घालून दिला होता.’